तारखेवरचा कागद

"पान उलटं करा, वहिनी. चोर मागल्या अंगाला असतो."

मंडणगडला एसटी स्टँडाजवळ त्यांचं पिकांच्या औषधांचं दुकान होतं. किडकं पान नेलं की ते हातातलं काम सोडून उजेडात येत, पान उलटं करत आणि हे म्हणत. तुमच्याही ओळखीचा असा एखादा माणूस असेल, ज्याने सांगितलं की आपण दुसऱ्या कुणाला विचारत नाही. मी त्यांना भाऊ म्हणायची.

माझे यजमान मुंबईला. भातकापणीनंतर विहिरीच्या पाण्यावर मी टोमॅटो लावायला लागले ते भाऊंच्या भरवशावर. फवारायला त्यांनीच शिकवलं. पंपात साधं पाणी भरून, तो पाठीवर घेऊन, दुकानासमोर चालून दाखवलं. एसटीचा ड्रायव्हर ओरडला, "भाऊ, रस्त्याला कीड लागली काय?"

"रस्त्याला नाय, तुझ्या गाडीला लागलीय. थांब, मारतो!"

मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "तोंडाला फडकं बांधायचं, वाऱ्याकडे पाठ करायची. आणि मी सांगेन तितके दिवस टोमॅटो तोडायचा नाही. पोरं खातात, वहिनी."

एकदा तर त्यांनी औषध द्यायचंच नाकारलं. "एवढ्याशा अळीला कशाला विष? हाताने वेचा." स्वतःचा धंदा बुडवणारा दुकानदार मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या वर्षी वाडीतल्या सहा जणींना मी टोमॅटो लावायला लावले. सगळ्यांचं औषध मीच आणायची, भाऊंकडूनच.

त्या वर्षी हिरव्या फळांना भोकं पडली. आम्ही सगळ्यांनी फवारलं. अळी जशीच्या तशी. मी पान, फळ घेऊन धावत गेले. भाऊंनी पान हातात घेतलं नाही.

"तुमचं मारणं चुकतंय. परत मारा."

मी वाडीत येऊन बायकांवर ओरडले. शेजारच्या मावशीला तर म्हटलं, "तुला पंप धरताच येत नाही." तिने पंप पुन्हा पाठीवर घेतला. भाऊंनी दिलेली दुसरी बाटलीही सगळ्यांनी संपवली. फळं आतून सडली, ती आम्ही टोपल्या भरभरून खड्ड्यात ओतली.

रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, हीसुद्धा भाऊंचीच शिकवण. विसळताना बाटलीवरचा तारखेचा कागद ओल्या बोटाला चिकटून आला. खाली दुसरी तारीख होती. औषधाची मुदत कधीच संपलेली होती.

बाटली नेऊन मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काही नाकारलं नाही. म्हणाले, "माल पडून होता. बाकीचे तारीख निरखून बघतात. तुम्ही कधी बघत नाही."

"म्हणून मला?"

त्यांनी होकाराची मान हलवली. मला वाटलं होतं ते दुसरं काहीतरी कारण सांगतील. हेच कारण होतं.

मी मावशीच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. वाडीत सगळं सांगितलं, कृषी खात्याकडे तक्रारही केली. पावसाळ्याआधी दुकान बंद झालं.

गेल्या वर्षी दापोलीच्या स्टँडवर ते दिसले. खूप वाळले होते. मला बघून त्यांनी बाकावरची पिशवी मांडीवर घेतली, मला जागा केली. "बसा, वहिनी."

माझे पाय दुखत होते. मंडणगडची गाडी लागेपर्यंत मी उभीच राहिले. ती जागाही तशीच रिकामी राहिली. दुसरं कुणी विचारायला आलं, तर ते "माणूस आहे" म्हणत होते.