कापलेले समास

नीटनेटकेपणाचा मला एके काळी माज होता. साठच्या दशकात लोणावळ्यातल्या एका ख्रिस्ती ग्रंथालयात मी जुनी हस्तलिखितं सांभाळत असे. प्रभुभोजनाचे विधी, प्रार्थनांच्या वह्या, उपदेशांची बाडं. मी ख्रिस्ती नव्हते. मोडी वाचता येई म्हणून नेमली गेले. कपाटात एक वही दुसरीपेक्षा बोटभर पुढे आलेली मला खपत नसे.

देहूरोडच्या एका विधवा बाईनं तिच्या वडिलांच्या वह्या आणून दिल्या. ते मावळातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरणारे उपदेशक होते. गावात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. “लावून झाल्या की वाचून घ्यायला येते,” ती म्हणाली. मी मान हलवली आणि विसरून गेले. गाठोडं सोडल्यावर वाळक्या कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा टेबलभर सांडला. मी नाक मुरडत तो झाडून टाकला.

वह्या लहानमोठ्या होत्या. मधोमध उपदेश, आणि समासात त्या रविवारी कुणासाठी प्रार्थना करायची त्याची टिपणं. अमक्याला ताप, तमकीची शेळी हरवली. वाचून मला हसू आलं. सगळ्या एका मापाच्या करून बांधायच्या म्हणून मी पेन्सिलीनं रेघा मारून दिल्या. तळेगावचा म्हातारा बाइंडर कचरला.

“बाई, हितं बी लिवलंय की. कापायचं?”

“तो काही उपदेश नाही. कापा,” मी म्हणाले.

दोन वर्षांनी ती बाई आली. ख्रिस्ती रीतीनं सलाम करून समोर बसली. ती तान्ही असताना तिची आई गेली होती. वडील त्याबद्दल जन्मभर बोलले नाहीत. मरताना मात्र म्हणाले होते, तुझ्या आईचं वहीत लिहून ठेवलंय.

“आई गेली त्या रविवारी बी बाबांनी उपासना चुकवली न्हाई,” ती म्हणाली. “कडंला आईचं काय लिवलंय, तेवढं वाचून दाव, पोरी.”

तारखेवरून पान सापडलं. उपदेश जसाच्या तसा होता, धीर धरण्याविषयीचा. कडेला फक्त तुटक्या अक्षरांच्या शेपट्या. मी ते वाचलं होतं, नक्की वाचलं होतं, कारण सगळेच समास मी हसत हसत वाचले होते. आता एक शब्द आठवेना. शेळी तेवढी आठवत होती.

“कसर लागली होती, मावशी,” मी म्हणाले. “कडा कापाव्या लागल्या.”

तिनं त्या सरळ कडेवरून बोट फिरवलं. रडली नाही.

“माझंच चुकलं म्हनायचं,” ती म्हणाली. “पाला कमी पडला माझा.”

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नोकरी गेली नसती, फार तर मान खाली गेली असती. तेवढीही मी घातली नाही, याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर ती पुन्हा आली, पिशवीभर ताजा पाला घेऊन. “आमच्या दारचा हाय. दुसऱ्यांच्या बापांच्या वह्यांत तरी घाल.” आम्ही दोघींनी बसून पानापानांत पाला घातला. ती मला जुडी करून देत होती आणि मी मुकाट्यानं घेत होते.

त्या वह्यांना कसर कधी लागलीच नव्हती. तिच्या पाल्यानं त्या वर्षानुवर्षं राखल्या होत्या. माझ्या हाती महिनाभरही राहिल्या नाहीत.