पडद्यावर रडलेला भाऊ

बेयाला टीव्हीपेक्षा टीव्हीसमोर बसलेल्या नवऱ्याची किळस जास्त यायची. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हेदी दिवाणखान्यातल्या गादीवर जो रुतला तो रुतलाच. सूर्यफुलाच्या बिया दातांत फोडायच्या आणि टरफलं थू थू करत उडवायची. थुंकीने ओली झालेली ती टरफलं गालिच्याला चिकटून वाळायची. रिमोटला घातलेली पिशवी तेलकट होऊन काळी पडली होती. बेया ती दोन बोटांनी उचलायची, स्वतःच्याच घरात.

त्यातून बुधवारचा तो तुटलेल्या नात्यांचा कार्यक्रम. एकजण येऊन रडायचा, पलीकडे त्याचं रुसलेलं माणूस बसलेलं, मध्ये पडदा. मग सूत्रधार गळा दाटल्यासारखं करून विचारायचा, "उघडू का पडदा?" इकडे हेदी हुंदके देऊ लागायचा.

"शेंबूड पूस आधी," बेया म्हणायची. "लोक घरातली घाण चव्हाट्यावर आणून ओततात आणि तू ती चाटत बसतोस."

"तुला काळीजच नाही, बेया."

एके दिवशी सकाळी ती मासे साफ करत होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात एक नटलेली मुलगी आणि तिच्या मागे कॅमेरा घेतलेला माणूस.

"मावशी, तुमच्यावर फार जीव असलेलं कुणीतरी तुमची वाट बघतंय. याल ना आमच्या कार्यक्रमात?"

कोण, हे बेयाला विचारावं लागलं नाही. बोलणं तुटलेलं तिचं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ तुहामी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो काम आहे म्हणून स्फाक्स सोडून ट्युनिसला गेला. आईचं हगणंमुतणं बेयाने काढलं, पाठीच्या जखमा बेयाने धुतल्या. दफनालाही तो आला नाही. नंतर एकदा फोन आला तो आईच्या बांगड्यांची चौकशी करायला.

"तो कॅमेरा खाली कर," खवल्यांनी चिकट झालेला हात पुढे करून बेया म्हणाली. "माझ्या उंबऱ्यात माझं तोंड टिपायचं नाही."

"येईल, येईल ती! तुम्ही आत या ना!"

मागे हेदी उभा होता. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट. बेयाच्या लक्षात आलं. यांना या म्हणून यानेच कळवलं होतं, आणि ही माणसं आज येणार हेही याला ठाऊक होतं.

"तुलाही दिसायचं होतं ना रे टीव्हीवर?"

हेदी कॉलर चाचपत राहिला. बेयाने दार लावून घेतलं.

तरी बुधवारी तुहामी दिसलाच. हातात आईचा आजारपणातला फोटो. गाल खपाटीला गेलेले, तोंड उघडं. हा फोटो बेयानेच त्याला पाठवला होता, एकदा तरी येऊन बघ म्हणून. "बहिणीने मला आईजवळ येऊच दिलं नाही," तो रडत म्हणाला. पडदा उघडला. पलीकडे रिकामी खुर्ची. दुसऱ्या दिवशी बेकरीत एका अनोळखी बाईने बेयाचा दंड धरला आणि म्हणाली, "बाई गं, इतकं कठोर होऊ नये."

शुक्रवारी दुपारी तुहामी स्वतःच आला. तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाला, "लल्ला, चुकलो." लहानपणापासून तो थोरल्या बहिणीला लल्लाच म्हणायचा. त्याचे कान थेट आईसारखे होते. बेयाने आणखी एक चमचा मांडला, त्याच्यापुढे वाफवलेल्या रव्याचा कुसकुस वाढला आणि माशाचा मोठा तुकडा त्याच्या बाजूला सरकवला. आता नीट बोलू, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात त्याच कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण सुरू झालं. हेदीने आवाज वाढवला.

तुहामी चमचा हवेत धरून वळला. "हे बघ हेदी, हे दुसऱ्यांदा केलेलं. पहिल्या वेळी अश्रूच येईनात."

"कळतसुद्धा नाही रे! फार छान जमलंय."

तुहामीच्या हनुवटीवरून लाल रस्सा ओघळत होता. टीव्हीतला तुहामी म्हणाला, येऊच दिलं नाही. खोलीतला तुहामी मान डोलावत होता.

"मी येऊ दिलं नाही तुला?" बेयाने विचारलं.

"अगं लल्ला, तिथे तसं बोलावं लागतं. नाहीतर लोकांना रडू कसं येणार?"

बेयाने त्याच्यासमोरून थाळी उचलली.

"जेवतोय मी अजून!"

"ऊठ. आईचा फोटो त्या लोकांकडून परत घेऊन ये. तोवर या घरात यायचं नाही."

तो बडबडत गेला. फोटो घेऊन काही आला नाही. हेदी भेटेल त्याला बायकोच्या दगडी काळजाबद्दल सांगत राहिला. बेयाला त्याचं फारसं वाटलं नाही. पण ती डोळे मिटून आईला आठवू लागली, की तोच खपाटीचा चेहरा समोर यायचा, स्टुडिओच्या निळ्या उजेडात, मागे कार्यक्रमातला रडका पियानो वाजत असलेला. याची मात्र तिला अशी शिसारी आली, की तिने एका सकाळी पिशवी भरली आणि केर्केना बेटावर निघाली. तिथे आईची थोरली बहीण अजून होती. आई तरुणपणी कशी हसायची, कुणाशी भांडायची, हे सांगू शकणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"अगं, जेवणाचं काय?" हेदीने गादीवरूनच विचारलं.

"टीव्हीला विचार," बेया म्हणाली आणि बोट चुकू नये म्हणून भरभर चालू लागली.