निनादचं राहिलेलं कॉलेज

माझा टी.सी. काढायला बाबा स्वतः कॉलेजात आले होते. खिडकीपलीकडच्या क्लार्कने माझी मार्कशीट उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "काकाजी, पोरगं सेकंड इयरले फर्स्ट क्लासात आहे. काहून काढून राहिले?" बाबा आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नोकरी लागली त्याले. खेळाडू कोट्यातून." क्लार्कने शिक्का मारला. त्याच संध्याकाळच्या एसटीने मी नागपूरहून चंद्रपूरला गेलो. आईने पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली होती. स्टँडवर बाबा म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये." मला बी.एस्सी. पूर्ण करायची होती आणि युनिव्हर्सिटीकडून आणखी एक सीझन खेळायचा होता, हे त्यांना माहीत होतं. मी पिशवी उचलून एसटीत चढलो. एकोणीस वर्षांच्या मुलाला तेव्हा आमच्या घरात मत नसायचं.

मैदानावरच्या मित्रांनो, तुम्ही सहा जण मला सोडायला आला होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला, कंपनीच्या टीममधून नाव गेलं आणि मला स्टोअर्समध्ये बसवलं. नटबोल्ट मोजायला बास्केटबॉल लागत नाही. तरी आज हे सगळं लिहितोय, कारण ग्रुपवर तुम्ही वर्षभर विचारताय, "पोराचं काय झालं?" आणि मी वर्षभर अंगठ्याचा इमोजी टाकून सुटतोय. आता सांगतो. वाचून माझा राग आला तर येऊ द्या, मला स्वतःची किळस आली आहे, त्यामुळे एखादा राग जास्त झाला तरी फरक पडत नाही.

सुनंदाला इथे इंग्लंडातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि मी तिचा नवरा म्हणून मागून डिपेंडंट व्हिसावर आलो, तेव्हा निनाद चार वर्षांचा होता. मिल्टन कीन्समध्ये वेअरहाऊसांना तोटा नाही, त्यामुळे मला काम मिळालं. तिकडे स्टोअर्स, इकडे वेअरहाऊस. मराठी मंडळात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुम्ही आयटी की मेडिकल?" मी वेअरहाऊस म्हणालो की समोरचा माझ्या वतीने लाजून म्हणतो, "अच्छा, म्हणजे सप्लाय चेन!" या लोकांना माणसापेक्षा त्याची डिग्री आधी दिसते. मला नसलेली डिग्री तर फारच लवकर दिसते.

निनादला बॉल मी शिकवला. इथल्या लेजर सेंटरच्या, म्हणजे क्रीडासंकुलाच्या, हॉलमध्ये बॅडमिंटनच्या, नेटबॉलच्या, कसल्या कसल्या रेघा मारलेल्या असतात, त्यांतून आपली रेघ शोधून खेळायचं. शनिवारी सकाळी आम्ही दोघं रेडवेवरून, म्हणजे इथल्या लाल सायकलरस्त्यावरून, सायकलने जायचो. सोळाव्या वर्षी तो सहा फूट पाच इंच झाला आणि सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला स्कॉलरशिप देऊन बोलावलं. हीथ्रोवर मी त्याला एकच सांगितलं होतं, "डिग्री पूर्ण कर. बाकी काही नाही झालं तरी चालेल." त्या दिवशी मी ते अगदी मनापासून बोललो होतो. तो किनेसिऑलॉजी शिकत होता, म्हणजे शरीर हलतं कसं याचं शास्त्र. पुढे फिजिओ होणार, असं म्हणायचा. मला तर माझा गुडघाच आठवायचा.

दुसरं वर्ष संपत आलं आणि ड्राफ्टचं भूत आमच्या घरात शिरलं. तुमच्यासाठी सोपं करून सांगतो. तिकडच्या व्यावसायिक टीम वर्षातून एकदा आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. साठेक नावं घेतली जातात, संपलं. कॉलेजची चार वर्षं पूर्ण होण्याआधीही मुलगा नाव देऊ शकतो आणि ठरावीक तारखेपर्यंत मागेही घेऊ शकतो. ती तारीख गेली की कॉलेजचा खेळ आणि त्यावर मिळणारी स्कॉलरशिप, दोन्हींवर पाणी.

एक एजंट व्हिडिओ कॉलवर आला. मला "डॅड" म्हणाला. माझ्याच वयाचा माणूस मला डॅड म्हणतोय! मग त्याने निनादच्या हातांची लांबी सांगितली, उभ्याने उडी किती, पळत येऊन किती, पंजा किती रुंद. बैलबाजारात दात मोजतात तसं चाललं होतं आणि माझा मुलगा त्याच स्क्रीनच्या दुसऱ्या चौकोनात मान खाली घालून बसला होता. मला शिसारी आली. पण खरं सांगायचं तर हातांची लांबी ऐकून आतून कुठेतरी बरंही वाटलं होतं. हात माझ्यावर गेलेत.

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बातमी आमच्याआधी पोचलेली. रीडिंग गावाहून आलेले एक गृहस्थ, ज्यांनी आयुष्यात बॉलला हात लावला नसावा, श्रीखंडाची वाटी धरून मला समजावत होते, "अहो, ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट बघा ना! डिग्री काय, लेटर ऑन पण होते. ही विंडो परत ओपन होणार नाही." त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्यांनी मेडिसिनशिवाय दुसरा फॉर्म भरू दिला नव्हता. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "छे हो, आधी डिग्री. आमच्या ईशानचं फुटबॉल मी जीसीएसईलाच बंद केलं." जीसीएसई म्हणजे इथली दहावी. ईशान मागे खुर्च्या लावत होता, त्याने ऐकलं आणि खुर्च्या लावत राहिला. कुणीही निनादला काय हवंय हे विचारलं नाही. दोघांच्या तोंडात एकच श्रीखंड होतं आणि मला दोघांचाही वीट आला.

तुम्ही म्हणाल, मग तुझं मत काय? मुलांनी कॉलेज अर्धवट सोडून ड्राफ्टला जावं की नाही? कॉलेज म्हणतं थांब, कारण त्यांना पुढचा सीझन काढायचा असतो. एजंट म्हणतो चल, कारण त्याचं पोट त्यावर आहे. ज्याची तयारी झाली त्याने जावं आणि ज्याची नाही त्याने थांबावं, हे शेंबडं पोरही सांगेल. तयारी झाली की नाही हे मात्र ज्याचं त्यालाच कळतं, आणि निनादला ते कळलं होतं. त्याने मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "बाबा, मी रेडी नाही आहे. मला अजून एक इयर पाहिजे. बट एजंट बोलतो हीच टाइम आहे. तुला काय वाटतं?"

मी काय सांगितलं असेल? "नाव देऊन ठेव. परीक्षेचा फॉर्म भरतो तसं समज. नाही वाटली तयारी, तर ड्रॉप घे." आपण सगळ्यांनी हेच केलंय. फॉर्म भरायचा, हॉल तिकीट घ्यायचं, आदल्या दिवशी ड्रॉप. कुणाचं काही बिघडत नाही. शहाणपणाचा सल्ला दिला म्हणून मी खूश होतो. त्याने नाव दिलं. आणि मी त्याच संध्याकाळी आपल्या ग्रुपवर लिहिलं, "निनाद ड्राफ्टमध्ये." तीन शब्दसुद्धा नाहीत. ड्रॉपबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

पम्या, तुझ्यावर माझा राग नाही. चौथ्या दिवशी तू मैदानाच्या चौकात फ्लेक्स लावलास, "नागपूरच्या सुपुत्राची अमेरिकेत भरारी", निनादचा फोटो मधे आणि भोवती आठ-दहा नेत्यांचे त्याच्याहून मोठे. हा सुपुत्र नागपूरला सगळं मिळून तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा त्याचं पोट बिघडलंय. पण तू प्रेमाने केलंस. मी तो फ्लेक्स झूम करून करून पाहिला. वेअरहाऊसमध्ये शिफ्टच्या लोकांना दाखवला. मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आणि शेवटी निनादला पाठवला, वर लिहिलं, "बघ, आजोबा असते तर!"

मे महिन्यात दोन टीमनी त्याला ट्रायलला बोलावलं आणि दोघांनीही गोड बोलून सांगितलं की वर्षभराने ये. मग कॉलेजच्या कोचचा त्याला फोन आला: शुक्रवारपर्यंत परत येतो म्हण, तुझी जागा आहे, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे. दोन वर्षं "आपण सगळे एक फॅमिली" म्हणणारा हाच माणूस. पण निदान त्याने शुक्रवारपर्यंत वेळ दिला होता.

निनादने बुधवारी फोन केला. मी कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसलो होतो. त्याचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा होता. "बाबा, मी परत जातो. ड्रॉप घेतो, तू बोललास ना तसं. मी खरंच हॅपी आहे."

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अरे, पण लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक, बाबा?"

त्याला खरंच कळलं नव्हतं. आणि मला तरी कुठे एक नाव सांगता येत होतं? मी आवाज चढवला. म्हटलं, हातातोंडाशी आलेला घास कुणी सोडतं का? मी तुझ्या वयाचा असताना मला असं कुणी विचारलं असतं तर? तुला शिकवायला मी शनिवार-रविवार बघितला नाही. आता माघार घ्यायची नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले तेव्हा मी थांबलो. तो म्हणाला, "ओके." मुलगा आज्ञाधारक आहे. आम्हीच तसा वाढवलाय. शुक्रवार आला आणि गेला.

जूनमध्ये, ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सुनंदा ड्युटीला निघताना, युनिफॉर्म घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन फोन बघत उभी राहिली. "नाही झालं," ती म्हणाली. मी लगेच माझा फोन शोधायला लागलो. ती म्हणाली, "तुम्ही त्याला आता काही लिहू नका. मी बोलते." एवढ्या वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. ग्रुपवर पम्याने लिहिलं, "नेक्स्ट इयर पक्का!" नेक्स्ट इयर नसतो रे. रीडिंगचे गृहस्थ पुढच्या कार्यक्रमात भेटले तेव्हा म्हणाले, "मी तर तेव्हाच म्हणालो होतो, रिस्की आहे." थोबाडीत मारायची इच्छा झाली होती, पण ती त्यांच्या मारायची की स्वतःच्या, हे ठरेना.

त्यानंतरचं वर्ष निनाद पोलंडच्या एका लहान गावातल्या क्लबकडून खेळला. गावाचं नाव तुम्हाला उच्चारता येणार नाही, मलाही येत नाही. बदली खेळाडू. आईला रोज जेवणाचे फोटो पाठवायचा. मी विचारलेल्या प्रश्नांना "फाइन" एवढंच उत्तर यायचं. एप्रिलमध्ये तो स्वतःहून क्लब सोडून आला. येतानाच त्याने लीड्सला फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळवला होता. अगदी पहिल्यापासून, अठरा वर्षांच्या मुलांबरोबर. अमेरिकेतल्या दोन वर्षांचं काय, असं मी विचारणार होतो, पण सुनंदाने माझ्याकडे पाहिलं.

परवा तो किचनमध्ये भांडी पुसत होता. मी सहज म्हणालो, "लीड्स कशाला? इथून रोज जाता येईल अशा ठिकाणीही हा कोर्स आहे. तुझी रूम आहे, आई आहे. घर आहे."

त्याने ताट पुसून रॅकमध्ये लावलं. रागाने नाही, अगदी शांतपणे, माहिती द्यावी तसं म्हणाला, "नको बाबा. इथे तू आहेस."

मी चंद्रपूरला होतो तेव्हा दिवाळीशिवाय नागपूरला यायचो नाही, तुम्ही मला माजला म्हणायचा. चार तासांचा रस्ता. सुट्टी नाही, गाडी नाही, काहीतरी सांगायचो. आई दर रविवारी वाट बघायची. मी येत नव्हतो, कारण घरी बाबा होते. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. इथे मंडळात सगळे घरच्या आठवणीने डोळे पुसतात तेव्हा मीही पुसतो, पण घराची ओढ मला कधी लागली नाही. मला वाटायचं, इतक्या लांब आलो, समुद्र ओलांडला, संपलं ते. आता कळलं की ज्याच्यामुळे पोरं घरी येत नाहीत तो माणूस मी बरोबर घेऊन आलो होतो आणि तोच आता आमच्या किचनमध्ये उभा होता.

मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं. त्या बुधवारी मी हो म्हणायला पाहिजे होतं." बाबांनी मला हे कधी म्हटलं नाही, त्यामुळे ते कसं म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आवाज उगाच मोठा लागला.

"आय नो," तो म्हणाला आणि पुढचं ताट घेतलं.

सप्टेंबरात त्याला लीड्सला पोचवायचंय. मी गाडी चालवू का, असं विचारलं. त्याने जरा विचार केला आणि हो म्हणाला. एम-वन हायवेने अडीच-तीन तास लागतात. बाजूच्या सीटवर तो असेल, आणि त्याने विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. सध्या माझं घर एवढंच आहे.