वेल्ह्याच्या भिंतीवर पाण्याची वाट

सुनंदाचा फोन आला, "भिंत रंगवायला ये," आणि मी स्वारगेटहून भोरची एसटी धरली. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण, आता भोरला चित्रकला शिकवते. बाजारातून रंग घेऊन तिच्या स्कूटरवर आम्ही नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालो. मार्चात जाणार असाल तर टोपी आणि पाणी जवळ ठेवा. पुढे चढाच्या रस्त्यावर सावली नाही.

डोंगरातल्या त्या वस्तीवर समाजमंदिराची भिंत कोरी होती. मी घरूनच फुललेल्या पळसाचं रेखाटन करून नेलं होतं. वस्तीतल्या सत्तरीच्या हौसाबाईंनी ते नीट पाहिलं.

"झाड लई झ्याक हाय. पन आमची पान्याची वाट कुठं हाय?"

मी ओशाळले. कागद गुंडाळून ठेवला. मग दोन दिवस बायका सांगत गेल्या आणि रेषाही त्यांनीच ओढल्या: झऱ्यापर्यंतची चढण, घसरडा खडक, गरोदरपणी सखू पडली ती जागा. जेवायला पिठलं-भाकरी आणि ठेचा. असं जेवण हॉटेलात मिळणार नाही.

तिसऱ्या दिवशी भिंतीसमोरच ग्रामसभा भरली. ग्रामसेवक चित्र पाहून बिथरले.

"ही सरकारी भिंत आहे. कला करा, राजकारण कशाला? उद्या चुना मारून घ्या."

हौसाबाई शांतपणे उठल्या आणि त्यांनी रिकामी कळशी ग्रामसेवकांच्या हातात दिली.

"मारा की चुना, भाऊसाहेब. पन आदी ह्या वाटंनं एक खेप घालून या."

सगळी सभा हसली. मला वाटलं, आता हे चिडून निघून जाणार. पण ते खरोखर गेले, चार बायका सोबत. तासाभरानं परतले तेव्हा शर्ट घामानं चिंब आणि कळशी अर्धी.

"खडकावर सांडली," ते म्हणाले. तांब्याभर पाणी प्यायले आणि वही मागवली. नळयोजनेचा ठराव लिहिला, वाचून दाखवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चुन्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

पुण्यात परतल्यावर एकानं विचारलंच, "मग ही कला की आंदोलन?" पूर्वी मी या प्रश्नावर तासभर बोलले असते. आता त्या बायकांच्या हातचे ब्रश आठवतात आणि दोन्हींत भेद सापडत नाही.

परवा हौसाबाईंचा फोन आला. मोजणीवाले येऊन गेले, पाइप अजून नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता तालुक्याच्या हापिसाची भिंत बगून आलोय आमी," त्या म्हणाल्या. "तुमी कवा येताय?"