देशी डायनासोरचं वशिंड

सगळी चूक तात्यांची. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. आळेफाट्याला त्यांचं फायबरच्या पुतळ्यांचं वर्कशॉप आहे, आणि कॉलेज सोडल्यावर मी तिथंच चिकटलो होतो. तात्यांचे किस्से फायबरच्या चुऱ्यासारखे. रोज अंगावर साठतात, आणि आंघोळ केली तरी खाजतात.

तात्यांनी जन्मभर बैल केले. बेल्ह्याच्या बाजारात उभं राहून बैल निरखायचा आणि तसाच्या तसा उतरवायचा. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, एवढं मान्य. मग एका शुद्ध शाकाहारी हॉटेलच्या शेठनी बागेसाठी तीन डायनासोर सांगितले. अट एकच: दारात मांस खाणारं जनावर नको. मी म्हटलं, मग लांब मानेवालेच घ्या, सगळे पाला खाणारे.

शेठ विचारात पडले. "कंदमूळ खायचे का?"

"शेठ, मान तीन मजले वर. बटाटे कोण उकरणार?"

"मग चालेल."

*

पहिला ब्रॅकिओसॉरस. याच्या कुळाची खूणच ही, की पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब. मी साच्यावर मापं लिहून ठेवली. चहा पिऊन येतो तर तात्यांनी पुढचे पाय हातभर कापलेले.

"पुढनं उंच अन् मागनं बसका? असलं जनावर दावणीला कोण बांधंल?"

"तात्या, पाय कापले म्हणजे याचं कूळच बदललं."

"पाय कापल्यानं कूळ बदलतं व्हय? तुझ्या चुलत आज्याचा पाय शुगरनं कापला. तो काय आपल्यातनं गेला?"

*

दुसरा डिप्लोडोकस. याचं डोकं घोड्यासारखं लांबट. तात्यांनी ब्रॅकिओसॉरसचंच डोकं बसवलं, कारण साचा तयार होता. मी तासभर ओरडलो. ओरडता ओरडता माझ्याच तोंडून निघून गेलं, की अमेरिकेतल्या म्युझियमवाल्यांनीही लांब मानेच्या एका सांगाड्यावर चुकीचं डोकं बसवलं होतं, आणि ते कित्येक वर्षं तसंच राहिलं.

तात्या ब्रश धूत म्हणाले, "मग? आमी बी अमेरिकेच्या मागं न्हाई."

*

तिसरा आपला टायटनोसॉर. हा माझा. या कुळाचं जुनं शास्त्रीय नाव जबलपूरकडं सापडलेल्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून आलं. पुढं लक्षात आलं, की तेवढ्यावरून जनावर ओळखताच येत नाही. आता बरेच अभ्यासक कुळाचं ते नाव वापरत नाहीत, नुसतं टायटनोसॉर म्हणतात. भूशास्त्राच्या पेपरात मी हेच लिहिलं. सरांनी लाल रेघ मारली: "नोट्समध्ये नाही." नोट्स त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थीदशेतल्या. मी भांडलो, नापास झालो, कॉलेज सोडलं.

शेठनी या पुतळ्याखालची पाटी मला लिहायला दिली. खाली माझं नाव घालायचंही कबूल केलं. आयुष्यात एकदा तरी माझं बरोबर उत्तर कुठंतरी टांगलं जाणार होतं.

*

उद्घाटनाच्या सकाळी कापड काढलं. टायटनोसॉरच्या पाठीवर, मानेच्या मुळाशी, भलंथोरलं खिल्लारी वशिंड.

"तात्या, हे काय?"

"तूच म्हनला ना, आपल्याकडचा हाय? जर्सीला वशिंड नसतं. देशी जनावराला पायजेच."

मी ग्राइंडर आणायला वळलो, तोवर प्रमुख पाहुणे आले. शेठनी तज्ज्ञ म्हणून बोलावलेले. तेच, लाल रेघवाले सर.

सरांनी पाटी वाचलीच नाही. वशिंडाकडं बोट करून माइकवर म्हणाले, "या कुळाचं हेच मुख्य लक्षण. दुष्काळासाठी चरबी इथं साठवली जायची."

टाळ्या पडल्या. तात्यांनी मला कोपर मारलं. "बघ. ह्याला म्हंत्यात शिकलेला मानूस."

मी सरांच्या हातातला माइक घेतला. "सर, हे वशिंड तात्यांनी बैलाच्या साच्यातून काढलंय. दाबून बघा, रंग अजून ओला आहे."

सरांनी खरंच दाबून बघितलं. मग रुमालानं बोट पुसत शेठकडं वळले आणि म्हणाले, "हा मुलगा आमच्याकडं नापास झाला होता."

वशिंड अजून तिथंच आहे. पाटीवर सरांचं नाव आहे. तात्यांनी मला कामावरून काढलं.