सोमवारची मटकी

बालकाच्या ताटात राष्ट्राचं भवितव्य वाढलं जात असतं. आमच्या पंचायत समितीत माझ्या टेबलामागच्या भिंतीवर हे वाक्य निळ्या ऑइल पेंटने लिहिलेलं आहे. त्याच वाक्याखाली उभं राहून साहेबांनी मला मोबाइलमधला एक फोटो दाखवला. एका वहीचं पान होतं. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘उसळीला वास. मुलांनी टाकली. कुत्र्याने हुंगून सोडली.’

साहेब म्हणजे आमचे गटशिक्षणाधिकारी. मी शिंदखेड्याला शालेय पोषण आहाराची अधीक्षक. मूळची जळगावची, शिक्षण आहारशास्त्राचं. तालुक्यातल्या शाळांमध्ये दुपारी मुलांना जे जेवण मिळतं, ते नियमाप्रमाणे मिळतं की नाही हे बघणं माझं काम.

फोटोतली वही म्हणजे चव रजिस्टर. नियम असा की मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी एक शिक्षक आणि एक पालक यांनी जेवण चाखायचं आणि अभिप्राय लिहायचा. मी आजवर जेवढी चव रजिस्टरं पाहिली, त्यांत ‘उत्तम’ हा एकच शब्द होता. काही शाळांत तो महिनाअखेरीस एकदम लिहितात, म्हणजे शाईसुद्धा एकसारखी येते.

ही वही नरडाण्याच्या पुढच्या एका गावातली होती. दहा दिवसांनी राज्याची समिती येणार होती आणि हे पान व्हॉट्सॲपवर फिरत होतं.

“मॅडम, दोन कामं आहेत,” साहेब म्हणाले. “रजिस्टर नवीन करा आणि बाई नवीन करा.”

बाई म्हणजे तिथल्या स्वयंपाकी, सुमनअक्का. शाळेत मुलं जेवायला बसायला लागली तेव्हापासून त्याच चुलीपाशी. त्यांना कमी करण्याच्या पत्राचा मसुदा साहेबांनी तयार ठेवला होता. तारीख तेवढी घालायची होती.

दुसऱ्या दिवशी मी मसुदा पर्समध्ये घालून गेले. मार्च महिना होता, शाळा सकाळची झाली होती. किचन शेड पत्र्याचं. साडेनऊलाच आत उभं राहवत नव्हतं. अक्का भात शिजवत होत्या. मी का आले हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, स्टूल पुसून दिलं आणि पुन्हा भाताकडे वळल्या. त्यांनी रडारड केली असती तर मला सोपं गेलं असतं.

वहीत लिहिणारे पालक म्हणजे नाना. चौथीतल्या एका मुलीचे आजोबा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. बाकीच्या पालकांना चव घ्यायला वेळ नसतो, म्हणून शाळेने ते काम कायमचं नानांना दिलं होतं. शाळेला वाटलं, म्हातारा माणूस आहे, सही करून जाईल. एसटीच्या नोंदवहीत तीस वर्षं खरी वेळ लिहिणाऱ्या माणसाबद्दल हा अंदाज धाडसी होता.

मी त्यांना जरा कडक आवाजात विचारलं की, तुमच्या लिहिण्यामुळे एका बाईचं काम जाणार आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?

नाना चष्मा पुसत म्हणाले, “ताई, मी उसळनं लिखं. अक्कानं नाव कोठे शे वहीमा? दाखाडा.”

मी दाखवायला वही उघडली आणि नाव कुठेच सापडेना. मग ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचत गेले. आता इथे कबूल केलं पाहिजे की त्या वहीत माझी स्वतःची चार वेळा सही होती. ‘पाहिले’ असं लिहून. मी खरोखर पाहिलंच होतं. वाचलं नव्हतं.

वाचताना मजा येऊ लागली. ‘वांगीभात. पोरांनी परत मागितला.’ ‘वरण पातळ, पण संपलं.’ ‘नाचणीचं सत्त्व. पोरांना हे काय आहे हेच कळलं नाही. मलाही नाही.’ आहारशास्त्राच्या पदवीत मुलं काय खातात याबद्दल मला जे शिकवलं नव्हतं, ते सगळं त्या वहीत तारीखवार होतं. आणि अक्कांच्या हाताची निंदा तर सोडाच, त्यांच्या वांगीभाताचं कौतुक अठरा ठिकाणी होतं.

वासाच्या नोंदी मी पेन्सिलने खुणा करत गेले. पाचव्या खुणेला शंका आली. नवव्या खुणेला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. एकूण एक नोंद सोमवारची होती.

अक्कांना विचारलं, सोमवारी काय असतं? त्या म्हणाल्या, मटकीची उसळ. मी विचारलं, मोड कधी आणता?

“शनवारले भिजाडस ताई. ऐतवारले कुलूप ऱ्हास. चावी सरसनापान, आन सर ऱ्हातस धुयाले.”

म्हणजे असं. मटकी पाच-सहा तास भिजवायची, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधायची, आणखी एका रात्रीत मोड येतात. मोड आले की कडधान्य पचायला हलकं होतं, म्हणून सरकार त्याचा आग्रह धरतं. पण रविवारी शाळा बंद, मुख्याध्यापक धुळ्याला, आणि शाळेचं धान्य घरी नेण्याची स्वयंपाकीला बंदी. ही बंदी चोरी होऊ नये म्हणून आहे, आणि अक्का ती अक्षरशः पाळत होत्या. तेव्हा मटकी शनिवारी दुपारी बांधली जायची आणि तापलेल्या पत्र्याखाली दोन रात्री आणि मधला अख्खा रविवार कोंडून राहायची. सोमवारी फडकं सोडलं की तार सुटलेली असायची. अक्का ती तीनदा गरम पाण्याने धुवायच्या, मसाला वाढवायच्या आणि नानांसमोर वाटी ठेवायच्या. नाना चाखायचे, मुलांची ताटं उठेपर्यंत थांबायचे आणि मग लिहायचे. वाईट वास आलेली उसळ मुलांपुढे जाऊ नये एवढीच त्या दोघांची इच्छा होती, आणि दोघांनाही ‘वार बदला’ असं सांगण्याचा अधिकार नव्हता.

तो अधिकार कोणाचा, हा पुढचा प्रश्न. पाककृती आणि प्रमाण वरून येतं. कोणत्या वारी काय शिजवायचं हे आमच्याकडे तालुक्यात ठरतं. तालुक्यात म्हणजे मी. तो तक्ता मी पंख्याखाली बसून केला होता. पाचवीपर्यंतच्या मुलाला एका जेवणातून साडेचारशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत, हा हिशेब मी आठवडाभराचा नीट जुळवला होता. आठवड्याची सुरुवात प्रथिनांनी व्हावी म्हणून उसळ सोमवारी टाकली, आणि त्या कल्पनेवर मी तेव्हा खूशही होते. टाकून दिलेल्या उसळीतून मुलाला काहीच मिळत नाही, हे लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मी वही घेऊन ऑफिसात परतले. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे चूक बाईंची नाही. तुमची आहे.”

“हो साहेब.”

“तुम्हाला काढणं माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. जरा खेदानेच.

मग त्यांना दुसरी शंका आली. हाच तक्ता तालुकाभर आहे, मग बाकीच्या शाळांत वास का नाही येत? मी चार-पाच स्वयंपाकी बायांना फोन केले. रागावणार नाही असं आधी सांगितल्यावर खरं कळलं. त्या मटकी भिजवतच नव्हत्या. सोमवारी कोरडीच कुकरला लावायच्या, आणि मोड थेट रजिस्टरात आणायच्या. तालुक्यात नियमाप्रमाणे मोड आणणाऱ्या मला तरी एकच बाई सापडल्या, आणि आम्ही त्यांनाच काढायला निघालो होतो.

साहेबांनी मसुदा माझ्याकडून परत घेतला आणि त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तीन ओळींचा आदेश लिहिला. उसळ बुधवारी, वांगीभात सोमवारी. एवढंच. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवसापासून बरंच सुधारलं.

पहिल्या बुधवारी मी मुद्दाम गेले. मंगळवारी सकाळी भिजवून, निघताना बांधलेल्या मटकीला नखाएवढे पांढरे मोड होते. अक्कांनी लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून उसळ केली. मुलं रांगेत बसली. मी आणि अक्का शेडच्या दारात उभ्या होतो, आणि मी दहावीच्या निकालाकडे पाहिलं नसेल एवढं त्या ताटांकडे पाहत होते. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने चमचाभर खाल्लं, शेजारणीकडे पाहिलं, उसळ संपवली आणि आणखी मागायला ताट पुढे केलं. अक्का पातेलं घेऊन गेल्या. परत आल्या आणि पदराने कपाळ पुसत पुसत बराच वेळ तोंड पुसत राहिल्या.

मी नानांचे आभार मानले. ते म्हणाले, त्यात काय, वही दिली होती म्हणून लिहिलं. जाताना एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी सही करण्याआधी वरचं वाचत जा. त्यानंतर मी वाचते. या नोकरीत मला जे थोडंफार कळलं त्यातलं निम्मं त्या माणसाने कळवलं, आणि माझी लाज एका बाईने न भांडता राखली. दोघांचंही ऋण मी मानते.

समिती आली. तिला हे सगळं फार आवडलं. जिल्ह्याच्या बैठकीत ‘पोषण वेळापत्रकाचं शास्त्रीय पुनर्नियोजन’ या नावाने माझं सादरीकरण ठेवण्यात आलं. चौदा स्लाइड झाल्या. मला त्यातून मिळालेला धडा एका ओळीचा होता, मटकीला रविवारची सुट्टी नसते, पण तेवढ्यावर सादरीकरण होत नाही. शेवटी टाळ्या झाल्या आणि मला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळालं.

ते माझं नव्हतं. मी ते अक्कांना नेऊन दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि झाकण हरवलेल्या तिखटाच्या चौकोनी डब्यावर ठेवलं. एका बाजूने डबा दोन बोटं उघडा राहतो.