दानाच्या दगडावरच्या चार ओळी

नदीकाठच्या टेकडीवर स्मारकाची बाग आहे. एकेकाळी त्याच टेकडीवर बेचाळीस माणसांनी परक्यांची फौज दीड दिवस अडवून धरली होती. समोरून चढणं फौजेला जमलं नाही. मग कुणीतरी तिला मागची, दगडाच्या खाणीतून वर येणारी वाट दाखवली आणि बेचाळीसच्या बेचाळीस कापले गेले.

बाग उभी राहिली तेव्हा नावांची भिंत कोरायचं काम एका पाथरवटाला मिळालं. त्या बेचाळिसांत त्याचे पणजोबाही होते. ते नाव त्यानं इतर नावांच्याच मापात कोरलं, उगाच मोठं केलं नाही. त्याची वीस वर्षांची मुलगी शेजारी बसून छिन्न्यांना धार लावत होती.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी स्मारक समितीचे अध्यक्ष भिंत बघायला आले. बागेची सगळी जमीन त्यांच्या घराण्यानं दान दिलेली, त्यामुळे समितीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. ते त्या नावापाशी थांबले. म्हणाले, खाणीची वाट पाथरवटांशिवाय कुणाला ठाऊक होती? फितुराचं नाव या भिंतीवर चालणार नाही. पाथरवटानं सांगून पाहिलं, की अहो, ते इथंच मेले, त्यांचं प्रेत याच उतारावर सापडलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "तूच कोरलंस, तूच काढ."

त्यानं काढलं. नाव कोरायला अर्धा दिवस लागला होता, काढायला पाऊण तास पुरला. भिंतीत त्या जागी खड्डा राहिला. मुलगी धार लावायची थांबली नाही. पण कोण कोण बघत होतं आणि कोण हसलं, ते तिनं त्या पाऊण तासात मनात पक्कं करून ठेवलं.

त्यानंतर त्यांच्या घराला लोक वाटाड्याचं घर म्हणू लागले. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. बापानं अक्षराला पुन्हा हात लावला नाही; पायऱ्या आणि उंबरे घडवत राहिला आणि सात वर्षांनी, कुणाशी फारसं न बोलता, गेला. अक्षरांचं काम मुलीनं उचललं. बोलायची कमी, आणि बोललीच तर समोरच्याचा टवका उडायचा, म्हणून खाणीवरची माणसं तिला छिन्नी म्हणू लागली. तिनंही ते नाव लावून घेतलं. आता सोड ते सगळं, असं आईनं कधी म्हटलं, की छिन्नी ताटावरून उठायची. डूख धरायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

ती पन्नाशीला आली तेव्हा जुन्या सरकारी कागदांचं दप्तर लोकांसाठी उघडलं. दर गुरुवारी ती तिथे जाऊन बसू लागली. परक्यांची भाषा तिला येत नव्हती. दप्तरातला म्हातारा कारकून वाचून अर्थ सांगायचा. तो इतका हळू वाचायचा, की ती त्याला म्हणाली, तुमच्यापेक्षा फौज लवकर वर चढली असेल. तो हसला, आणि त्या दिवसापासून चहा दोघांचा मागवू लागला.

दुसऱ्या वर्षी, एका गुरुवारी, तो वाचता वाचता थांबला. फौजेच्या कप्तानानं वरिष्ठांना लिहिलेलं पत्र होतं. गावच्या एका जमीनदारानं खाणीची वाट दाखवली, असं त्यात लिहिलं होतं, नावासकट. बक्षीस म्हणून नदीकाठची टेकडी आणि तिच्याखालची सगळी जमीन त्याला दिल्याचंही लिहिलं होतं. नाव अध्यक्षांच्या पणजोबांचं होतं. जी जमीन घराण्यानं मोठ्या मनानं दान दिली, ती मुळात त्या बेचाळीस मुडद्यांची किंमत होती.

कारकुनानं विचारलं, आता काय करणार? वर्तमानपत्रात देणार?

"कागद वाचून लोक फेकतात," ती म्हणाली. "कोरलेला दगड फेकता येत नाही."

तोवर थोरले अध्यक्ष वारले होते आणि खुर्चीवर त्यांचा मुलगा बसला होता. बाप भिंतीपाशी उभा होता तेव्हा हाही शेजारी होता. हसलेल्यांमध्ये तो पहिला. छिन्नी थांबली. तिला थांबण्याची सवय होती. दीड वर्षानं समितीनं ठरवलं, की फाटकापाशी घराण्याच्या दानाचा दगड बसवायचा. अक्षरं कोरणारं तिच्या तोडीचं दुसरं कुणी आसपास नव्हतं. अध्यक्ष स्वतः तिच्याकडे आले. जुनं झालं गेलं विसरू या, असंही म्हणाले. ती बरं म्हणाली आणि खाणीतला सगळ्यात कठीण काळा दगड निवडून आली.

दगड फाटकापाशी आधीच बसवला होता. ताडपत्रीच्या आडोशाला तिनं काम केलं. समितीनं दिलेल्या तीन ओळी कोरल्या आणि त्यांच्याखाली स्वतःच्या चार. कोणी वाट दाखवली, कोणत्या तारखेला, बक्षीस काय मिळालं, आणि शेवटी दप्तराचा क्रमांक. ही अक्षरं तिनं बोटाच्या पेराएवढी खोल नेली. जेवण घेऊन आलेल्या आईनं ताडपत्री बाजूला केली. तिला वाचता येत होतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून ती म्हणाली, "तुझ्या बाबांना हे आवडलं नसतं."

"त्यांना काय आवडतं हे तेव्हा कुणी विचारलं होतं?"

आईनं डबा खाली ठेवला आणि निघून गेली.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. अध्यक्षांनी कापड ओढलं, टाळ्या पडल्या आणि मधेच विरल्या. पुढच्या रांगेतली शिक्षिका सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली होती. चौथ्या ओळीवर तिचा आवाज गेला. पुढचं मागच्यांनी वाचलं. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. खोटं आहे, म्हणाले. छिन्नीनं क्रमांकाच्या ओळीवर बोट ठेवलं. गर्दीतून कारकून पुढे आला आणि पत्राची शिक्क्याची नक्कल त्यानं शिक्षिकेच्या हातात दिली.

"काढ ते," अध्यक्ष ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढ."

तिनं पिशवीतून हातोडा आणि छिन्नी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "माझ्या बाबांनी आमच्या माणसाचं नाव स्वतःच्या हातानं काढलं होतं. तुमच्या माणसाचं तुम्ही काढा."

संतापाच्या भरात त्यांनी हातोडा-छिन्नी घेतलीही. तीन घाव घातले. चौथा स्वतःच्या अंगठ्यावर बसला. दगडाचा कपचाही उडाला नाही. कुणी पुढे झालं नाही, कुणी हसलंही नाही, आणि ती पापणी न हलवता बघत होती. इतक्या वर्षांत काळजाला एवढं गार तिला कधी वाटलं नव्हतं.

पुढे अध्यक्षांनी तिच्यावर दावा लावला. दगडावर वर्षभर पत्रा ठोकलेला होता. लोक तो वाकवून वाचायचे. कागद खरा ठरला, दावा फेटाळला गेला, पत्रा निघाला आणि अध्यक्षांची खुर्चीही गेली. नव्या समितीची माणसं तिच्या दारात आली. तुमच्या बाबांच्या पणजोबांचं नाव पुन्हा भिंतीवर कोरू या, मान तुमच्याच हाताला, म्हणाली. तिनं त्यांना आत बोलावलं नाही. "तो खड्डा तसाच राहू दे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "कुणी विचारलं तर सांगा, कुणी करायला लावला."

आईनं हे घरातून ऐकलं. दोन दिवस ती लेकीशी बोलली नाही. तिला ते नाव डोळे मिटायच्या आधी भिंतीवर बघायचं होतं. छिन्नीला ते कळत होतं. तरी तिनं शब्द फिरवला नाही.

त्या हिवाळ्यात ती आईला दवाखान्यात घेऊन गेली होती. बाकावर जुने अध्यक्ष बसले होते, एकटे, गुडघ्यावर टोपी ठेवून. अंगानं निम्मे झाले होते. त्यांनी वर पाहिलं, तिला ओळखलं आणि बाकाच्या टोकाकडे सरकून जागा करून दिली. छिन्नी क्षणभर थांबली, आता तरी मनात दया येते का, ते बघायला. आली नाही. तिनं त्या जागेवर आईला बसवलं आणि स्वतः नंबर येईपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहिली.